जुन्या सी कोडमधलं सीफ्री: बायनरी चालते, मग परत बिल्ड का होत नाही?

तुम्ही विचारलंय की उबुंटू १६.०४ वरून १८.०४ वर गेल्यावर जुना प्रोग्रॅम नीट चालतोय, म्हणजे त्याची आधी तयार झालेली बायनरी चालतेय, पण तोच कोड परत बिल्ड केला की लिंकर (कोड आणि लायब्ररी जोडणारा प्रोग्रॅम) 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू सीफ्री', म्हणजे सीफ्री फंक्शन सापडत नाही, म्हणून अडतो, तर कॅलॉक फंक्शनने घेतलेली मेमरी सीफ्रीऐवजी साध्या फ्रीने सोडली तर चालेल का. चालेल, बिनधास्त सोडा. कॅलॉक आणि मॅलॉक ही दोन्ही फंक्शनं एकाच हीपमधून (प्रोग्रॅम चालताना मेमरी मिळते तो साठा) जागा घेतात, कॅलॉक फक्त ती शून्याने भरून देतं, परत करायची पद्धत तीच.

सीफ्री मुळात वेगळं काही करतच नव्हतं. १९७९ च्या युनिक्स व्हर्जन ७ मध्ये ते कॅलॉकच्याच फाइलमध्ये होतं, पॉइंटर, संख्या, साइज अशी तीन आर्ग्युमेंट घ्यायचं, आणि आत एकच ओळ, तो पॉइंटर फ्रीला द्यायचा. बाकीची दोन वापरायचंच नाही. १९८९ च्या एएनएसआय सीमध्ये (सी भाषेचं प्रमाण) ते घेतलं नाही, पॉझिक्समध्येही (युनिक्ससारख्या सिस्टिमचं प्रमाण) नाही, तरी जीलिबसीने (लिनक्सवरची सीची मूळ लायब्ररी) जुन्या कोडसाठी सांभाळलं, आणि २०१७ मध्ये २.२६ व्हर्जनला काढलं. १६.०४ वर जीलिबसी २.२३ होती, १८.०४ वर २.२७ आहे, म्हणजे तुम्ही नेमकी ती रेघ ओलांडली. जुन्या बायनरीसाठी लायब्ररीत जुना सिंबॉल (लिंकर शोधतो ते फंक्शनचं नाव) अजून ठेवलाय म्हणून ती चालते, नव्याने लिंक करताना तो मिळत नाही.

आता बदल कसा करायचा. मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांची फाइल) सीफ्री म्हणजे फ्री असं डिफाइन टाकून काम भागतं, पण मला ते पटत नाही, पुढचा माणूस कोड वाचताना परत अडकतो. सोर्समध्येच बदला. तीन आर्ग्युमेंटवाले कॉल असतील तर पुढची दोन काढा, नाहीतर कंपायलर एरर देईल, आणि ती देतोय ते बरंच आहे.

आणि कृपा करून आंधळेपणाने सगळीकडे रिप्लेस मारू नका. आमच्या एका जुन्या प्रोजेक्टमध्ये आम्ही फंक्शनच्या व्याख्या सोडून सगळे कॉल तसे बदलले होते. तिथे एका मॉड्यूलमध्ये सीफ्री नावाचं स्वतःचं स्टॅटिक (त्या फाइलपुरतंच दिसणारं) फंक्शन होतं, सी म्हणजे कस्टमर, ते आधी रेकॉर्डमधलं नाव आणि पत्ता सोडायचं आणि मग स्ट्रक्चर. रिप्लेसनंतर कॉल सरळ लायब्ररीच्या फ्रीला जायला लागले, कंपाइल स्वच्छ, टेस्ट पास, आणि प्रोसेसची मेमरी रोज थोडी थोडी वाढत गेली, शेवटी व्हॅलग्रिंड (मेमरीच्या चुका शोधणारं टूल) लावल्यावर नाव-पत्त्याच्या स्ट्रिंग तशाच पडलेल्या दिसल्या. त्यामुळे आधी ग्रेपने (फाइलमधला मजकूर शोधणारी कमांड) डब्ल्यू ऑप्शन लावून पूर्ण शब्द शोधा, कुठे त्याची स्वतःची व्याख्या आहे का ते बघा, मग एकेक कॉल हाताने बदला. बदलून झालं की तुमच्या नेहमीच्या इनपुटवर व्हॅलग्रिंड फुल लीक चेकसह चालवा, आणि जुन्या बायनरीवरही चालवून दोन्हीकडचा 'डेफिनिटली लॉस्ट'चा (नक्की न सोडलेल्या मेमरीचा) आकडा ताडून बघा.