संभाव्यतेचा इतिहास आवडतो, सिद्धता नकोशा वाटतात

प्रश्न : मी बी.एस्सी. संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सिद्धता लिहिण्यापेक्षा हा विषय घडवणाऱ्या पास्कल, बर्नुली, फिशर यांच्याबद्दल वाचायला मला जास्त आवडतं. यातच करिअर होईल का? बाबा म्हणतात, असल्या गोष्टींनी पोट भरत नाही, डेटा सायन्सचा कोर्स कर.

उत्तर : बाबांचं निम्मं बरोबर आहे. नुसता संख्याशास्त्राचा इतिहास शिकून आपल्याकडे नोकरी लागेल अशी जागा मला तरी दिसत नाही. शिवाय हा इतिहास गणित टाळून वाचताच येत नाही.

1654 मधला पास्कल आणि फर्मा यांच्या पत्रांतला प्रश्नच घे. दोघांनी प्रत्येकी 32 सोन्याची नाणी लावली. आधी तीन डाव जिंकेल त्याला सगळी 64. पहिल्याचे दोन आणि दुसऱ्याचा एक डाव झाला असताना खेळ मोडला. वाटणी कशी करायची? झालेल्या डावांच्या प्रमाणात, असं कुणीही म्हणेल. पास्कल मात्र पुढच्या डावाकडे बघतो. तो पहिल्याने जिंकला तर 64 त्याचे, हरला तर बरोबरी, म्हणजे 32. तेव्हा 32 तर त्याचे नक्कीच. वादात उरले 32, त्यांचे निम्मे. वाटणी 48 आणि 16. आता 1–0 वर खेळ मोडला तर? उत्तर 44 आणि 20 येतं. ते का येतं हे कागदावर मांडून बघ. त्यात रमलीस, तर सिद्धतांशी तुझं वैर नाही. वर्गात त्या कुठून आल्या हे कुणी सांगत नाही, एवढीच तक्रार आहे.

राहिला पोटाचा प्रश्न. हा विषय नोकरदारांनीही भरपूर वाढवलाय. गॉसेट डब्लिनला गिनेसच्या बिअर कारखान्यात कामाला होते. तिथे हाताशी निरीक्षणं मोजकीच असायची आणि मोठ्या नमुन्यांची सूत्रं त्यांना लागू पडत नसत. त्यातून 1908 चा निबंध आला, तुझ्या जर्नलमधल्या टी-चाचणीचं, म्हणजे मोजक्या निरीक्षणांवरून सरासरी पारखण्याच्या पद्धतीचं, मूळ. कंपनी स्वतःच्या नावाने छापू देत नसे, म्हणून लेखकाचं नाव ‘स्टुडंट’. फिशर 1919 पासून इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात होते. आपले पां. वा. सुखात्मे, साताऱ्याकडच्या बुध गावचे, लंडनहून पीएच.डी. करून आले आणि पिकांच्या नमुना पाहण्यांत, म्हणजे थोड्या शेतांवरून साऱ्या पिकाचा अंदाज बांधण्याच्या कामात, शिरले. बाबांना हे जरूर सांग.

तू पदवी पूर्ण कर, मग एम.एस्सी. पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग 1953 मध्ये कोल्हापूरच्या वि. शं. हुजूरबाजारांनी उभा केला. तिथे प्रयत्न कर. आयआयटीसाठी जॅम या प्रवेश परीक्षेत मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा पेपर आहे. सरकारी नोकरी हवी असेल तर यूपीएससीची भारतीय सांख्यिकी सेवा परीक्षा. आर किंवा पायथन यांपैकी एक संगणकभाषा शिकच, पण पदवीच्या जोडीने. महागडा कोर्स आत्ताच नको.

इतिहासाची हौस एम.एस्सी.च्या प्रकल्पात भागव. विषयही सुचवतो. दा. ध. कोसंबींना इतिहासकार म्हणून सगळे ओळखतात, पण फलनांच्या अवकाशातल्या (जिथे एकेक निरीक्षण म्हणजे संख्या नसून अख्खं फंक्शन असतं) संख्याशास्त्रावरचा त्यांचा 1943 चा निबंध उघडणारे थोडेच. तो कळायला लिनिअर अल्जेब्रा पक्कं लागतं, तेव्हा त्या तासांना दांडी मारू नकोस.