घराचे हप्ते थकले म्हणून दिवाळखोरीचा अर्ज करावा का?

तुम्ही लिहिलंय की पिंपरीतल्या फ्लॅटचे दोन हप्ते थकलेत, दुसऱ्या बँकेचं पर्सनल लोन आहे, त्याला मेहुणे जामीन आहेत, वर दोन क्रेडिट कार्डं. कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज करून एकदाचं मोकळं व्हावंसं वाटतंय. मी सरकारी बँकेच्या वसुली विभागातून निवृत्त झालो, तुमच्यासारखी बरीच कुटुंबं जवळून पाहिली. माझं स्पष्ट मत: घर वाचवायचं असेल तर हा अर्ज करू नका.

२०१६च्या दिवाळखोरी संहितेबद्दल तुम्ही वाचलं असेल. तिच्यातला व्यक्तींसाठीचा भाग आजवर फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरताच, डिसेंबर २०१९ पासून, लागू झालाय. पगारदार माणसासाठी पुण्यात अजून १९२०चा जुना कायदाच चालतो. अर्ज जिल्हा न्यायालयात, पुढे तुमची मालमत्ता कोर्टाच्या ताब्यात, आणि निकालाची वाट बघत राहायचं. एवढं करूनही ज्या बँकेकडे घर गहाण आहे ती या सगळ्याच्या बाहेर राहून आपलं तारण विकू शकते. म्हणजे ज्याच्यासाठी जीव तुटतोय ते घर जायचं ते जाणारच. शेवटी कोर्टाने तुम्हाला मुक्त केलं तरी जामीनदार सुटत नाही, बँक मेहुण्यांच्या दारात जाईल.

तुमच्या हातात खरी गोष्ट आहे ती तारीख. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी बुडण्याच्या वाटेवरचं थकीत कर्ज, होतं. एकदा झालं की एखादा हप्ता भरून ते सुधारत नाही, सगळी थकबाकी भरावी लागते. त्यानंतर सरफेसी कायद्याची, म्हणजे कोर्टात न जाता बँकेला तारण ताब्यात घेऊन विकू देणाऱ्या कायद्याची, कलम १३(२)ची नोटीस येते: ६० दिवसांत थकबाकी भरा. लोक ती घाबरून कपाटात ठेवून देतात, ते तुम्ही करू नका. नोटिशीवर लेखी हरकत घेतली तर बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावंच लागतं. पुढे ताब्याची कारवाई झाली तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं.

पण तुम्ही अजून त्याच्या अलीकडे आहात! याच आठवड्यात शाखेत जा. काउंटरवर तोंडी बोलून येऊ नका, अर्ज द्या आणि पोच घ्या. उत्पन्न का घटलं ते पुराव्यासह लिहा आणि मुदत वाढवून हप्ता कमी करून मागा. बँकेला हो म्हणायचं बंधन नाही, पण एनपीए होण्याआधी आलेल्या माणसाचं ऐकून घेतलं जातं, कारण एनपीए त्या मॅनेजरलाही नकोच असतं.

आता पैसे कुठे आधी भरायचे. कार्डाचं व्याज वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास जातं, गृहकर्जाचं त्याच्या पाव हिस्सा, म्हणून हिशेबी माणूस कार्ड आधी फेडा म्हणेल. तुमच्या परिस्थितीत मी उलट सांगतो: आधी घर, मग मेहुण्यांचा जामीन असलेलं लोन, कार्डं शेवटी. कार्डाच्या मागे तारण नाही. त्यांना दिवाणी दावा लावावा लागतो. फोन मात्र त्यांचेच सर्वांत जास्त येतील. सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७नंतर वसुलीसाठी फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. धमकी द्यायला, नातेवाइकांत बदनामी करायला तर कधीच परवानगी नाही. तसं झालं तर तारीख-वेळ टिपून बँकेकडे तक्रार करा, ३० दिवसांत दाद नाही मिळाली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. पीएफ कोर्टाच्या हुकमानेही जप्त होत नाही, तो अशा धाकापायी काढून देऊ नका. बायकोचे दागिने मोडून कार्ड फेडणं तर नकोच. पुढे लोकअदालतीत किंवा थेट बोलून कार्डांची तडजोड करता येते. सिबिलमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, ‘सेटल्ड’ असा शेरा पडेल आणि काही वर्षं नवं कर्ज मिळणं अवघड जाईल, ते चालेल. ठरलेली रक्कम मात्र बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय भरू नका.

कर्ज फेडता येत नाही एवढ्यावरून तुरुंग होत नाही. पण दिलेला चेक, किंवा खात्यातून आपोआप वळता होणारा हप्ता शिल्लक नसल्याने परत गेला, तर फौजदारी तक्रार होऊ शकते. ती जोखीम लक्षात ठेवून खात्यात पैसे ठेवा.

आणि उत्पन्न परत उभं राहणारच नाही असं दिसत असेल, तर लिलावाची वाट न बघता बँकेच्या संमतीने फ्लॅट स्वतः विका. लिलावात मिळते त्याहून बरी किंमत येते, कर्ज फिटून उरलेले पैसे तुमचे. घर विकणं किती जड जातं ते मला कळतं.

मेहुण्यांना आजच सांगा. बँकेची नोटीस त्यांच्या घरी पोहोचण्याआधी त्यांना तुमच्याकडूनच कळू दे.