पहिलीच कादंबरी रहस्यकथा असावी, पण त्या प्रकाराचे वाचन नाही. तयारी कशी करावी?

आपण विचारले आहे की, आजवर फक्त कौटुंबिक कथा लिहिल्या आहेत, आता सोलापुरात घडणाऱ्या खुनाच्या तपासावर कादंबरी लिहायची आहे, परंतु रहस्यकथा फारशा वाचलेल्या नाहीत. तर आधी वाचन करावे की आराखडा? माझ्या मते आधी वाचनच करावे, मात्र ते वाचकाचे नव्हे, कारागिराचे असावे. मी सोलापूरचाच आहे, आणि माझ्या पहिल्या रहस्य-कादंबरीचा खर्डा ऐंशीएक पानांवर अडला, तो खुनी कोण हे लिहिता लिहिता ठरवू असे मी समजत होतो म्हणून. कौटुंबिक कथेत पात्रे लेखकाला पुढे नेतात. रहस्यकथेत मात्र शेवट ठरल्याशिवाय पहिले प्रकरणही नीट लिहिता येत नाही.

पाच-सहा चांगल्या रहस्य-कादंबऱ्या निवडा आणि प्रत्येक दोनदा वाचा. दुसऱ्या वेळी उलगड्याच्या प्रकरणापासून मागे या, आणि प्रत्येक दुवा प्रथम कोणत्या पानावर दिसला होता व त्याच्यावरून नजर हटावी म्हणून लेखकाने शेजारी काय ठेवले होते, याची वहीत नोंद करा. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली या प्रकाराचे दहा नियम मांडले. त्यांतले काही आज कालबाह्य वाटतात, परंतु गुप्तहेराला सापडलेला प्रत्येक दुवा वाचकालाही दाखवला पाहिजे, हा नियम मी अजूनही सर्वांत मोलाचा मानतो.

मग आराखड्याच्या दोन वह्या करा. एकीत गुन्हा ज्या क्रमाने घडला त्या क्रमाने, तासावारी; दुसरीत तो ज्या क्रमाने उघडकीस येतो त्या क्रमाने. वाचकाच्या हाती दुसरी वही पडते, पण पहिली अपुरी असेल तर दुसरीत कोठेतरी भोक पडतेच.

संशोधन या दोन वह्यांनंतर करावे, कारण तोवर नेमके प्रश्नच हाती नसतात. उदाहरणार्थ, मृत्यूची वेळ. थंड हवेच्या देशांतल्या कादंबऱ्यांत देह किती निवला यावरून वेळ काढतात. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना पत्र्याच्या खोलीतली हवाच शरीराच्या ३७ अंशांहून अधिक तापलेली असते, त्यामुळे देह निवण्याचा तो हिशेब तेथे लागू पडत नाही. मरणोत्तर ताठरताही उष्णतेत लवकर येते आणि लवकर जाते. तिकडचे आकडे जसेच्या तसे उचलले, तर आपल्या सगळ्या कथानकाचे वेळापत्रक खोटे ठरेल.

कायद्याचेही तसेच. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा ठरत नाही. आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या माहितीचा तेवढ्यापुरताच भाग ग्राह्य धरला जातो. त्यामुळे ठाण्यात खुनी रडून सारे कबूल करतो, असा शेवट योजला असेल तर तो आताच बदला. हे समजून घेण्यासाठी पुस्तकांइतकाच उपयोग सत्र न्यायालयात जाऊन बसण्याचा होतो. खटले सहसा खुल्या न्यायालयात चालतात, आणि शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांची उलटतपासणी ऐकताना पंचनाम्यातल्या एका शब्दावर किती अवलंबून असते, हे जसे कळते तसे वाचून कळत नाही.

आपले सर्वांत मोठे भांडवल मात्र हे शहर आहे, आणि येथे मला थोडे अधिक सांगावेसे वाटते. यंत्रमागाच्या शेडमध्ये शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावे लागते. तेथे किंकाळी कोणाला ऐकू आली नाही, यात वाचकाला काहीच वावगे वाटणार नाही. जेथे मजुरी नगावर मिळते, तेथे रात्रपाळीत कोणी किती टॉवेल विणले याची नोंद असते, आणि एखाद्या रात्रीचा आकडा कमी भरला तर तोच दुवा होतो. आपल्याकडे मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एकाच गल्लीत बोलल्या जातात. पूर्व भागातली तेलुगूभाषक साक्षीदार ‘बावा’ म्हणते. जबाब लिहून घेणारा हवालदार ‘दाजी’ असे लिहितो. तेलुगूत बहिणीच्या नवऱ्याप्रमाणेच वयाने मोठ्या आतेभावाला किंवा मामेभावालाही बावा म्हणतात, म्हणजे तपास दोनशे पाने चुकीच्या माणसामागे जाऊ शकतो, आणि तरीही वाचकाची फसवणूक झालेली नसते, कारण तो शब्द त्याने स्वतः वाचलेला असतो. असा दुवा बाहेरच्या लेखकाला सहज सुचणार नाही. तो आपल्याला घराच्या ओट्यावर बसून मिळतो.

पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर खुनाची तारीख आणि वेळ लिहा. तारीख १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर आपला फौजदार कलम ३०२ म्हणेल, त्या दिवसापासून पुढची असेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम १०३. आणि महिना कोणता, यावर डॉक्टरांनी मृत्यूची वेळ कशावरून सांगायची तेही ठरेल.