घरच्या कुत्र्याने करडू मारलं. आता त्याला रक्ताची चटक लागली म्हणतात, काय करावं?

दादा, तुम्ही लिहिलंय की तीन वर्षांच्या घरच्या कुत्र्यानं पंधरा दिवसांचं करडू मारलं, मोठी माणसं म्हणायलीत याला आता रक्ताची चटक लागली, पोत्यात घालून लांब सोडून या नाहीतर औषध घाला, आणि तुमची मुलगी कुत्र्याच्या गळ्यात पडून रडायलीय. आधी एक काम करा. कुत्र्याला साखळीनं बांधा, करडं-कोंबड्या आत घ्या आणि घरात कुणी रागाच्या भरात काही करणार असेल तर त्याला दोन दिवस थांबवा. मग निवांत वाचा, कारण हे सगळं आमच्या घरी झालेलं आहे.

आमचं शेत औसा तालुक्यात, आम्ही शेतातच राहतो. अकरा शेळ्या, सगळ्या उस्मानाबादी, एक देवणी गाय, गावरान कोंबड्या आणि भुऱ्या, आमचा कुत्रा. भुऱ्या कारवानी क्रॉस, म्हणजे कारवानी या शिकारी जातीचा संकर, उंच, पोट आत गेलेलं, पळायला लागला की पाय दिसत नाहीत. दोन महिन्यांचा असताना आणला होता, गोठ्यातच झोपायचा, शेळ्या त्याला अंग घासून जायच्या, अडीच वर्षं एका शब्दाची तक्रार नाही.

मग ती येळवस आली, म्हणजे वेळ अमावास्या, शेतात पूजा करून जेवायचा सण. शेतात पंचवीस-तीस माणसं, कोपीतली पूजा झाली होती, बायका आंबील वाढत होत्या, लेकरं धुऱ्यावरून पळत होती. त्या लेकरांच्या मागं आमच्या काळ्या शेळीचं वीस दिवसांचं करडू, जुळ्यातलं बारकं, उड्या मारत पळालं. भुऱ्या बाजेखाली पडलेला होता. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, तो उठला, मान खाली घेतली, भुंकला नाही, गुरगुरला नाही, दात दाखवले नाहीत, सरळ सुटला. करडाला पाठीवर धरलं, दोन झटके दिले आणि सोडून दिलं. मी पोचेपर्यंत शेपूट हलवत उभा होता, जसं काही पोरांनी फेकलेला चेंडू आणून दिलाय.

करडू उठून उभं राहिलं. पाठीवर चार बारीक छिद्रं, केस लाळेनं चिकटलेले, रक्त म्हणाल तर बोटाला लागेल एवढंच. सासूबाई म्हणाल्या वाचलं गं लेकरू. मी हळद दाबली, त्याच्या आईच्या कासेला लावलं आणि परत वाढायला गेले. संध्याकाळी ते मान टाकून बसलं, पाठीवरची कातडी गरम आणि फुगलेली, बोटानं दाबली की खालून करकर लागायचं. पहाटे गेलं. डॉक्टर नंतर म्हणाले की कुत्रं धरून झटकतं तेव्हा वरची कातडी सैल असते म्हणून ती सरकते, फाटत नाही, पण खालचं मांस, फासळी, कधी कधी फुप्फुससुद्धा चिरडलं जातं, म्हणून वर तुरीच्या दाण्याएवढं छिद्र आणि आत सगळा चेंदा. त्या दिवशी दुपारीच डॉक्टरला बोलावलं असतं तर वाचलं असतं का माहीत नाही, पण मी बोलावलं नाही हे मला अजून टोचतं. म्हणून सांगते, पुन्हा कधी असं झालं तर जखम लहान दिसली तरी त्याच दिवशी डॉक्टर. तोपर्यंत साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं जखम धुवा, हळद-चटणी-चुना काही भरू नका, आणि घट्ट टाके घालायचा आग्रह धरू नका, चाव्याच्या जखमेत घाण आत कोंडते. शेळीला धनुर्वात लवकर होतो, ते इंजेक्शन आठवणीनं मागा. पावसाळ्यात दोन दिवसांत अळ्या पडतात, रोज बघायचं. गावात डॉक्टर नसेल तर १९६२ ला फोन करा, जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी तो नंबर आहे.

आता चटकेचं. आमच्याकडेही तेच म्हणत होते, चुलत सासरे तर म्हणाले एकदा रक्त चाखलेलं कुत्रं घरात ठेवायचं नसतं. मी उदगीरच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकलेल्या आमच्या डॉक्टरांना विचारलं, त्यांनी विचारलं त्यानं करडू खाल्लं का? नाही खाल्लं. भूक होती का? सकाळीच दोन भाकरी खाल्ल्या होत्या. मग रक्ताची चटक कुठून आली? कुत्रं हे मूळ लांडग्याच्या घरचं, त्याच्या अंगात बघणं, दबा धरणं, पाठलाग, धरणं, मारणं, फाडणं, खाणं अशी एक साखळी असते आणि माणसानं पिढ्यानपिढ्या पैदास करून एकेका जातीत तिचा एकेक भाग वाढवला किंवा कमी केला. कारवानी ससा दिसला की सुटायलाच तयार केलेली जात आहे. त्याला पळणारी वस्तू दिसली की तो सुटतो, आणि पाठलाग हाच त्याचा आनंद. म्हणून पोटभर खाल्लेलं कुत्रं पण धरतं, म्हणून तो भुंकत नाही, कारण तो रागातच नसतो. कच्चं मटण घातल्यानं असं होतं हे पण खरं नाही. आणि मोठ्या शेळ्यांत अडीच वर्षं राहिला म्हणजे करडं ओळखतो असंही नाही, मोठी शेळी उभी राहते, शिंग दाखवते, करडू उड्या मारतं आणि ओरडतं. एकदा त्याला त्यात मजा आली की पुढच्या वेळी तो लवकर सुटतो, एवढाच काय तो चटकेचा अर्थ, आणि म्हणून दुसरी संधी मिळूच द्यायची नाही.

आमच्या घरी ती मिळाली, ते पण सांगते कारण तुमच्याकडे हेच होईल अशी मला भीती वाटते. करडू गेल्यावर आमच्या मालकांनी भुऱ्याला काठीनं मारलं. पण कधी, तर दुसऱ्या दिवशी सकाळी. कुत्र्याला मागच्या दिवसाचं काय कळणार, त्याला एवढंच कळलं की हा माणूस मारतो. कुणीतरी सांगितलं म्हणून मेलेलं करडू त्याच्या तोंडावर घासलं. त्यानं काही उपयोग झाला नाही, मेलेली कोंबडी गळ्यात बांधल्यानं पण होत नाही, तुम्ही करू नका. महिन्यानं आम्ही सगळे लातूरला लग्नाला गेलो, खुराड्याचं दार सुतळीनं बांधलेलं होतं, परत आलो तर सात कोंबड्या अंगणात पसरलेल्या, एकही खाल्लेली नाही, आणि भुऱ्या मालकांना बघून कडब्याच्या गंजीमागं दबून बसला. माराचा धडा त्यानं घेतला होता, पण धडा असा होता की माणूस समोर असताना करायचं नाही.

त्यानंतर आम्ही व्यवस्था बदलली. दोन लिंबाच्या झाडांमधे जाड तार ओढली, तारेत कडी आणि कडीला साखळी, म्हणजे तो तीस फूट मागंपुढं फिरतो, राखण पण होते आणि गोठ्यापर्यंत पोचत नाही. साखळी झाडाला गुंडाळणार नाही एवढं बघा आणि सावलीत पाणी ठेवा. खुराड्याला कोंबडीजाळी होती, ती कुत्रं दातानं फाडतं, म्हणून वेल्डिंगची जाळी लावली आणि खाली एक फूट मातीत गाडली कारण तो उकरतो. करडांना गोठ्यातच वेगळा कप्पा केला, दाराला लोखंडी कडी. सगळं मिळून शेळीचं एक करडू विकल्याएवढे पैसे गेले असतील, त्याहून जास्त नाही.

आणि रोज सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं सराव. भुऱ्याला पट्ट्यानं धरून करडांपासून लांब उभं करायचं, इतकं लांब की तो बघेल पण ताणणार नाही, आमच्याकडे ते अंतर सुरुवातीला पन्नास-साठ पावलं होतं. त्यानं करडाकडे बघून परत माझ्याकडे बघितलं की ताकात बुडवलेला भाकरीचा तुकडा. अंग ताठ झालं, कान पुढं आले, मान खाली गेली की आपण फार जवळ आलोय, गुपचूप मागं जायचं, ओरडायचं नाही. आठवड्याला चार पावलं पुढं. तीन-चार महिन्यांत तो करडांपासून दहा पावलांवर बसायला लागला. बैलाला घालतो तसं मुसकं कुत्र्याला पण मिळतं, जाळीचं घ्या ज्यात तोंड उघडता येतं, कारण कुत्रं तोंडातून धापा टाकूनच अंग थंड करतं आणि आपल्याकडच्या ४२ डिग्रीत तोंड आवळून बांधलं तर ते मरेल.

पण मी तुम्हाला खोटं सांगणार नाही, भुऱ्या सुधारला असं मी म्हणत नाही. आज चार वर्षं झाली, एकही जनावर गेलं नाही, आणि आजही मी त्याला करडांजवळ एकटा सोडत नाही. घरात कुणी नसेल तर तो तारेवर. नसबंदी केली त्यानं भटकणं आणि गावच्या कुत्र्यांशी मारामाऱ्या कमी झाल्या, पळणाऱ्याच्या मागं सुटणं तसंच आहे. तुमच्याकडे दुसरं कुत्रं असेल तर दोघांना एकत्र मोकळं कधीच सोडू नका, एक सुटलं की दुसरं सुटतं आणि दोघं मिळून करतात ते एकट्यापेक्षा कितीतरी जास्त असतं. आणि परत कधी धरलेलं सापडलं तर करडू ओढू नका, ओढलं की मांस फाटतं. कुत्र्याच्या तोंडावर पाण्याची बादली किंवा अंगावर घोंगडं टाका, सुटतं. मधे हात घालू नका, आपलं कुत्रं पण त्या वेळी आपल्याला चावतं.

एक गोष्ट मात्र वेगळी आणि ती आधी तपासा. तुमच्या कुत्र्याची रेबीजची लस या वर्षी झालीय का? झाली नसेल आणि त्याच्या वागण्यात अचानक बदल असेल, आवाज बदललाय, लाळ गळतेय, पाणी गिळता येत नाही, काठी-दगड काहीही चावतोय, तर वर लिहिलेलं सगळं विसरा, त्याला हात लावू नका आणि डॉक्टरला कळवा. चांगलं खात-पीत असेल तर १० दिवस बांधून नजर ठेवा, त्यात नीट राहिलं तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं धरतात. संशय असेल तर त्यानं चावलेल्या जनावरांना लसीचे ५ डोस लागतात, पहिल्या दिवशी आणि मग ३, ७, १४, २८ व्या दिवशी. मुलगी गळ्यात पडून रडतेय लिहिलंय, तिच्या हाताला-गालाला खरचटलेलं असेल आणि लाळ लागली असेल तर तिलाही आजच सरकारी दवाखान्यात न्या. आणि म्हातारं, शांत कुत्रं अचानक फिरलं तर कानात, दातात, सांध्यात दुखतंय का तेही दाखवा.

सोडून द्यायचं म्हणणाऱ्यांना सांगा, लांबच्या गावात सोडलेलं कुत्रं दुसऱ्या कुणाची करडं धरेल, आणि पाळलेलं जनावर असं टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे. विष घालणं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मधे येतं. शिवाय ते विष कुत्रंच खाईल याची काय खात्री, शेजारच्याचं मांजर खाईल, कोंबडी खाईल. आमच्याकडे एकानं असाही सल्ला दिला होता की लांडग्याच्या नावावर टाका, वनखात्याकडून भरपाई घ्या. ती भरपाई खरंच लांडग्यानं-बिबट्यानं मारलेल्याची असते, पंचनाम्यात दातांचे ठसे बघतात, आणि आपण खोटं लिहिलं की ज्याचं खरंच नुकसान झालंय त्याचा अर्ज पण संशयानं बघतात. हो, तुम्ही डोळ्यांनी बघितलं नसेल तर मात्र खरंच तुमच्याच कुत्र्यानं मारलं का हे बघा, शेजारच्या दोन-तीन कुत्र्यांचं काम असू शकतं आणि आरोप घरच्यावर येतो.

मुलीला काय सांगायचं हे तुम्ही शेवटी विचारलंय. आमच्या लेकीनं विचारलं होतं की भुऱ्या वाईट आहे का. मी म्हटलं नाही, त्याला करडू पळताना दिसलं आणि आपण त्याला धरलं नव्हतं. मग ती रोज संध्याकाळी स्वतः कप्प्याची कडी लावून यायला लागली, अजूनही लावते. पण शेळीवर गेला म्हणजे माणसावर जाईल असं नसलं तरी बारकं लेकरू आणि असं कुत्रं एकटं सोडू नका.

तुमचं कुत्रं कुठल्या जातीचं आहे, लस कधी झाली आणि करडू मेलं त्या वेळी आसपास कोण होतं एवढं लिहा, म्हणजे अंतर किती ठेवून सुरुवात करायची ते सांगते.