रियुनियन बेट एवढे लहान असूनही तिथे इतके उंच डोंगर आणि इतक्या खोल दऱ्या कशा?

जेमतेम 2,500 चौरस किलोमीटरच्या बेटावर 3,000 मीटरहून उंच शिखर कसे, हा आपला प्रश्न नकाशा पाहणाऱ्या कोणालाही पडावा असाच आहे. मादागास्करच्या पूर्वेला असलेले हे फ्रेंच बेट म्हणजे समुद्रतळापासून सुमारे 7,000 मीटर उंच वाढलेल्या ज्वालामुखी पर्वताचा पाण्याबाहेर आलेला माथा आहे. ज्या हॉटस्पॉटने (पृथ्वीच्या पोटातून तप्त खडक वर येणारी जागा, जिच्यावरून भूखंड सरकत राहतात) तो उभारला, त्यानेच सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा ओतला, असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. त्यामुळे सह्याद्रीच्या काळ्या कातळाशी या बेटाचे जवळचे नाते आहे.

बेटावर दोन ज्वालामुखी आहेत आणि त्यांच्या वयातला फरक हीच मला सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. वायव्येकडचा पितों दे नेज सुमारे 3,070 मीटर उंच आहे. तो हजारो वर्षांपासून शांत असल्यामुळे नव्या लाव्ह्याची भर थांबली, पण झीज मात्र थांबली नाही. आणि या बेटावरचा पाऊस तरी केवढा! जानेवारी 1966 मध्ये फोक-फोक येथे एका चक्रीवादळात 24 तासांत 1,825 मिलिमीटर पाऊस पडला. हा आजही जागतिक विक्रम आहे. खचणे, दरडी कोसळणे आणि असा पाऊस यांनी मिळून शिखराभोवती सिलाओस, सालाझी आणि माफात ही तीन प्रचंड, कड्यांनी वेढलेली खोरी कोरली आहेत. माफातमध्ये आजही गाडीरस्ता नाही. तिथल्या वाड्यांवर पायी किंवा हेलिकॉप्टरनेच जावे लागते.

आग्नेयेकडचा पितों द ला फुर्नेज 2,632 मीटर उंच असून वारंवार उद्रेक पावतो, म्हणून त्याचे उतार अजून बरेचसे सलग आहेत. त्याचा माथा एका खचलेल्या, पूर्वेला समुद्राकडे उघड्या असलेल्या विस्तीर्ण भागात असल्याने बहुतेक लाव्हा वस्तीपासून दूरच राहतो. एप्रिल 2007 च्या उद्रेकात त्याच्या मुख्य विवराचा तळ 300 मीटरहून अधिक खचला आणि समुद्रात उतरलेल्या लाव्ह्याने किनाऱ्याला नवी जमीन जोडली.

आग्नेय व्यापारी वारे पूर्व उतारांवर पाऊस सांडतात आणि पश्चिम किनारा पर्जन्यछायेत कोरडा राहतो. म्हणूनच पूर्वेचे पाणी डोंगरातून खोदलेल्या बोगद्यांवाटे पश्चिमेच्या शेतीला आणि वस्तीला पुरवावे लागते.