‘जोगवा’ चित्रपटातील ‘जीव रंगला’ या युगुलगीतामागची गोष्ट काय आहे?

आपण लिहिले आहे की हे गाणे आजवर लग्नाच्या मांडवातच ऐकले होते, आणि परवा चित्रपट अर्धवट पाहताना नायक साडीत दिसल्यामुळे हे गाणे नक्की कोणाचे आहे असा प्रश्न पडला. मी यवतमाळ जिल्ह्यात पुसदजवळच्या एका खेड्यात राहतो, शेती करतो आणि लग्नसराईत एका लहान वाद्यवृंदात गातो. हे गाणे आमच्याकडे प्रत्येक हंगामात फर्माइशीने गावे लागते, आणि मीसुद्धा सुरुवातीची काही वर्षे ते केवळ प्रेमगीत समजूनच गात होतो, म्हणून आपला प्रश्न मला जवळचा वाटला.

‘जोगवा’ हा राजीव पाटील यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट २००९ साली प्रदर्शित झाला. त्याच्या कथेमागे डॉ. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ व ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथा आहे. ही तीनही नावे ध्यानात ठेवण्याजोगी आहेत, कारण ती जोगत्या-जोगतिणींच्या रोजच्या आयुष्यातून उचललेली आहेत. चौंडकं म्हणजे काखेत धरून तार छेडत वाजवायचे त्यांचे वाद्य, भंडार म्हणजे देवीची हळद, आणि दर्शन म्हणजे देवीला वाहिलेल्या माणसाच्या गळ्यात बांधली जाणारी लाल-पांढऱ्या मण्यांची माळ. ती माळ एकदा गळ्यात पडली की त्या माणसाचे लग्न देवाशी लागले असे मानले जाते. घरात कोणी सतत आजारी पडले किंवा मुलीच्या केसांत जट निघाली, तर तो सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीचा कौल समजून कोवळ्या वयातच मुला-मुलींना देवीला सोडण्याची, म्हणजे वाहून टाकण्याची प्रथा कर्नाटकाच्या सीमेलगतच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. मुलगी सोडली की ती जोगतीण, मुलगा सोडला की तो जोगता. देवीला वाहिलेल्या पुरुषाने पुरुषपण देवीच्या पायी ठेवायचे, लुगडे नेसायचे, डोक्यावर जग, म्हणजे देवीची मूर्ती ठेवलेली टोपली, घेऊन जोगवा मागायचा. आपल्याला पडलेल्या साडीच्या कोड्याचे उत्तर एवढेच आहे.

चित्रपटातला तायप्पा असाच मनाविरुद्ध जोगता केलेला तरुण आहे, आणि सुली ही तशीच सोडलेली मुलगी. उपेंद्र लिमये आणि मुक्ता बर्वे यांनी या भूमिका केल्या आहेत. तायप्पाच्या अंगावर लुगडे आले तरी आतला पुरुष मेलेला नाही, आणि सुलीच्या गळ्यात दर्शन पडले तरी तिचे मन कोणाच्या तरी मायेला आसुसलेलेच आहे. या दोघांना परस्परांची ओढ लागते, आणि तीच त्यांच्यासाठी सर्वांत मोठा गुन्हा ठरते, कारण दोघेही आधीच देवीचे झालेले आहेत. ज्यांना कोणीही बोहल्यावर उभे करणार नाही अशा दोघांचे हे गाणे आहे. ते आज मांडवामांडवांतून वाजते याचे मला वाईट वाटत नाही, पण ज्यांच्या वाट्याला मांडव आला नाही त्यांचे ते आहे, हे गाणाऱ्याला तरी ठाऊक असावे असे मला मनापासून वाटते.

संगीत अजय-अतुल यांचे आणि शब्द संजय कृष्णाजी पाटील यांचे. शब्दांबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण गाताना मला सर्वांत जास्त शिकवले ते त्यांनीच. भाषा कोल्हापूरकडची आहे. ‘पिरमाची’, ‘ह्यो’ असे शब्द आमच्या वऱ्हाडी तोंडाला सवयीचे नाहीत. ‘ह्यो तुझा’ असे तिकडे म्हणतात तिथे आमच्याकडचा माणूस ‘हा तुह्या’ म्हणेल. पहिल्या तालमीत आमच्या कीबोर्डवादकाने सुचवले की ‘पिरमाची’ऐवजी सरळ ‘प्रेमाची’ म्हणावे, श्रोत्यांना ते शुद्ध वाटेल. मोजून पाहिले तर मात्रा दोन्हींच्या सहाच होतात, पण गाऊन पाहिल्यावर लगेच कळले की ‘प्रे’ या जोडाक्षरावर आवाज अडखळतो आणि चालीतला अलगदपणा जातो, तर ‘पिर’ म्हणताना सूर पाण्यासारखा पुढे सरकतो. त्या दिवसापासून आम्ही एकही शब्द बदललेला नाही. आणि जे सुचवले गेले ते तायप्पाच्या तोंडी शोभलेही नसते. तो शाळेतली मराठी कशाला बोलेल?

गायले आहे हरिहरन आणि श्रेया घोषाल यांनी. हरिहरन मुंबईत वाढलेले, पण घरची भाषा तमिळ. श्रेया घोषाल बंगाली घरातल्या, बालपण राजस्थानातले. सीमाभागातल्या बोलीतला हा जिव्हाळा अशा दोन गळ्यांतून इतका खरा उतरला, हे मला आजही नवलाचे वाटते. २००८ या वर्षासाठीच्या ५६ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा पुरस्कार हरिहरन यांना याच गाण्यासाठी मिळाला, आणि श्रेया घोषाल यांना पार्श्वगायिकेचा पुरस्कार या गाण्याबरोबरच एका बंगाली चित्रपटातील गाण्यासाठी मिळाला. अजय-अतुल यांना संगीत दिग्दर्शनासाठी आणि उपेंद्र लिमये यांना अभिनयासाठी त्याच वर्षी गौरवण्यात आले. राजीव पाटील यांचे २०१३ साली अकाली निधन झाले.

युगुलगीताची खरी अडचण पट्टीची, म्हणजे मूळ ‘सा’ कोणत्या सुरावर धरायचा याची असते. मी पेटीच्या काळी एकमध्ये मोकळा गातो, माझ्या सहगायिकेला पांढरी पाच सोयीची पडते, आणि गाणे मात्र दोघांनाही एकाच षड्जावर, म्हणजे एकाच ‘सा’वर, गावे लागते. पट्टी माझ्या सोयीची ठेवली तर तिचा आवाज खाली दबतो, तिच्या सोयीची ठेवली तर मला वरच्या जागा ओढून घ्याव्या लागतात. आम्ही कीबोर्डवर अर्धा-अर्धा सूर वर-खाली करत अखेर मधली एक पट्टी धरली. त्या पट्टीत दोघांनाही थोडे अवघडच जाते. पण त्या अवघडण्यातूनच आवाज हळू होतो आणि ठणकावून गाता येत नाही, आणि या गाण्याला ठणकावणे मुळीच मानवत नाही. संथ लयीत, जवळच्या माणसालाच ऐकू जावे अशा बेताने ते म्हणावे लागते. चोरून प्रेम करणारी माणसे मोठ्याने बोलत नाहीत.

मला ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली ती एका वृद्ध बाईंनी. महागाव तालुक्यातल्या एका लग्नात आम्ही हे गाणे संपवून पाणी प्यायला बसलो होतो, तेव्हा नवरीची आजी काठी टेकत आमच्यापाशी आली आणि म्हणाली, “हे गानं लग्नाचं नाही बापू, जोगत्याचं हाये.” तिचे माहेर लातूरकडचे होते, आणि लहानपणी तिने दारी आलेल्या जोगतिणींच्या परडीत पीठ घातलेले होते. त्यांतली एक तिच्याच वयाची, दहा-अकरा वर्षांची होती, आणि परडी जड झाल्यामुळे तिने ती आमच्या या आजीच्या ओट्यावर थोडा वेळ टेकवली होती. एवढेच तिला आठवत होते. नातीच्या लग्नात तिने आम्हाला ते गाणे थांबवायला सांगितले नाही; उलट पुन्हा एकदा म्हणायला लावले.

विदर्भात यल्लम्माचे जोगते फारसे दिसत नाहीत, पण ती देवी आम्हाला परकी नाही. यल्लम्मा म्हणजे रेणुकाच, आणि रेणुकेचे माहूर आमच्यापासून पैनगंगा ओलांडली की लगेच आहे. याच चित्रपटातील ‘लल्लाटी भंडार’ या गाण्यात नदीपलीकडच्या आईच्या डोंगराचा उल्लेख येतो, तेव्हा आमच्याकडच्या प्रत्येक श्रोत्याच्या डोळ्यांपुढे माहूरगडच उभा राहतो. माझी आपल्याला विनंती आहे की आधी ‘लल्लाटी भंडार’ ऐकावे आणि लगेच त्यामागून ‘जीव रंगला’ लावावे. पहिल्यात सगळा गाव मिळून देवीला हाक घालतो आहे, आणि दुसऱ्यात त्याच गावाने देवीला देऊन टाकलेली दोन माणसे एकमेकांना हाक मारत आहेत. महाराष्ट्रात अशी माणसे देवाला सोडण्याच्या, म्हणजे देवदासी प्रथेवर बंदी घालणारा नवा कायदा २००५ सालचा आहे, म्हणजे चित्रपटाच्या अवघी चार वर्षे आधीचा. तेव्हा हे फार जुन्या काळातले काही आहे असे समजून ऐकू नये.

आता आम्ही कार्यक्रमात हे गाणे सुरू करण्यापूर्वी तायप्पा आणि सुली कोण होते ते दोन वाक्यांत माइकवर सांगतो, आणि मगच कीबोर्डवर ती मधली पट्टी लावतो.