केमोनंतरचा दहावा दिवस

प्रिय सिस्टर,

अनेक आशीर्वाद. तुझी नेमणूक कर्करोग विभागात झाल्याचे वाचून समाधान वाटले. आधी काय वाचावे आणि कोणत्या औषधांची नावे पाठ करावीत, असे तू विचारले आहेस. नावे काम करता करता आपोआप तोंडी बसतील, त्याची घाई करू नकोस. त्याआधी एवढे लक्षात घे की केमोचा दिवस सहसा सुरळीत पार पडतो. सलाईन संपते, रुग्ण चहा पितो, नातेवाईक फाईल घेऊन बिलाच्या खिडकीकडे जातात आणि सगळे घरी परततात. मोठा धोका त्यानंतर, साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान उभा राहतो, कारण रक्तातील पांढऱ्या पेशी त्याच सुमारास सर्वांत कमी झालेल्या असतात. त्या वेळी रुग्ण सातारा जिल्ह्यातल्या किंवा विदर्भातल्या आपल्या गावी असतो आणि तू त्याच्याजवळ नसतेस. तू जवळ नसताना त्याने काय करावे, हे तू जवळ असतानाच त्याच्या मनावर ठसवणे, हा आपल्या कामाचा निम्म्याहून अधिक भाग आहे असे माझे मत आहे.

पांढऱ्या पेशी कमी असताना येणारा ताप इतर तापांसारखा नसतो. पू धरायला, सूज यायलाही याच पेशी लागतात; त्या नसल्या की जंतुसंसर्ग अंगात पसरत असूनही बाहेर काहीच दिसत नाही. ताप हीच बहुधा पहिली आणि एकमेव खूण असते. तोंडातून घेतलेले तापमान एकदा जरी 101 फॅरनहाइट आले किंवा 100.4 वर तासभर टिकले, तरी रुग्णाने सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठले पाहिजे, आणि तो दारात आल्यापासून तासाभरात प्रतिजैविकाचा पहिला डोस शिरेतून गेला पाहिजे. रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तात जंतू आहेत का ते पाहण्याची तपासणी, त्याआधी घ्यायचे, मात्र कल्चरसाठी डोस रखडू द्यायचा नाही. केसपेपर, बेडची उपलब्धता, डॉक्टरांचा राउंड या सगळ्यांत हा तास कसा निसटतो ते तू लवकरच पाहशील. तो धरून ठेवणारी व्यक्ती बहुतेक वेळा सिस्टरच असते, तेव्हा आवाज चढवावा लागला तर चढव. अशा रुग्णाचे तापमान गुदद्वारातून घ्यायचे नाही, एनिमा किंवा सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची गोळी) द्यायची नाही. वयस्कर किंवा स्टिरॉइड चालू असलेल्या रुग्णाला ताप न येताही संसर्ग गंभीर होऊ शकतो. तो उगाच गुंगल्यासारखा वाटला, हातपाय गार लागले, लघवी कमी झाली, तर थर्मामीटरवर विसंबून राहू नकोस.

आता अडचण अशी की आपली माणसे ताप आला असे म्हणतच नाहीत. ‘जरा कणकण होती, गोळी घेतली, उतरली’ असे सांगतात. ती गोळी पॅरासिटामॉलची असते. तिने ताप दबतो, संसर्ग आत वाढतच राहतो. म्हणून घरी सोडताना छापील पत्रक हातात देऊन मोकळी होऊ नकोस. घरात थर्मामीटर आहे का ते विचार, नसेल तर आणायला सांग, आणि तो कसा वाचायचा हे रुग्णाच्या नव्हे तर रात्री त्याच्याजवळ झोपणाऱ्या माणसाच्या हाती देऊन करून घे. ‘समजले का?’ असे विचारलेस तर सगळेच मान हलवतात. त्याऐवजी ‘रात्री दोन वाजता अंग तापले तर काय कराल, मला सांगा’ असे विचार आणि उत्तर पूर्ण ऐक. गावाहून आलेले तीर्थ आणि अंगारा यांवरूनही कुणाला बोलू नकोस. अंगारा कपाळाला लावा, तोंडात मात्र घालू नका, आणि तीर्थ सध्या डोळ्यांना लावून नमस्कार करा, एवढे सांगितले की कुणी दुखावले जात नाही.

डे-केअरमध्ये, म्हणजे केमो देऊन त्याच दिवशी घरी सोडतात त्या विभागात, काम करताना तुझी नजर रुग्णाच्या हातावर असू दे. डॉक्सोरुबिसिन आणि व्हिनक्रिस्टीन ही औषधे शिरेबाहेर झिरपली तर कातडी आणि आतले मांस जळते, आणि ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. डॉक्सोरुबिसिन देताना थोड्या थोड्या वेळाने रक्त परत येते का ते पाहा, आणि रुग्णाला आधीच सांगून ठेव की चुरचुरले, झोंबले किंवा घट्ट वाटले तर लगेच हाक मारायची. नाहीतर ‘सिस्टर कामात होत्या’ म्हणून तो मुकाट्याने सोसत बसेल. शंका येताच औषध बंद कर, पण कॅन्युला, म्हणजे शिरेत बसवलेली बारीक नळी, लगेच काढू नकोस. त्यातूनच जेवढे औषध मागे ओढता येईल तेवढे ओढ, मग काढ. जागा चोळू नकोस, दाबू नकोस. पेनाने कडा आखून ठेव आणि डॉक्टरांना बोलाव. डॉक्सोरुबिसिनला थंड शेक, व्हिनक्रिस्टीनला गरम. हे उलटे झाले तर नुकसान वाढते, तेव्हा ते ट्रॉलीवरच लिहून चिकटव. व्हिनक्रिस्टीन चुकून पाठीच्या मणक्यात गेले तर जवळजवळ नेहमीच मृत्यू ओढवतो. म्हणून ते सिरिंजमध्ये न भरता छोट्या सलाईनच्या पिशवीतूनच आले पाहिजे, असा आग्रह धर.

ऑक्झालिप्लॅटिन हे केमोचे औषध घेतलेल्याने काही दिवस फ्रीजचे पाणी टाळावे, घशाला झिणझिण्या येऊन श्वास अडकल्यासारखा वाटतो. डॉक्सोरुबिसिननंतर लघवी लालसर होते, हे आधी सांगितले नाही तर घरी रक्त गेल्याचा आकांत होतो.

आपल्याकडे तंबाखूमुळे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण फार, म्हणून तोंडाच्या निगेकडे विशेष लक्ष दे. रेडिएशन चालू असताना तोंड सोलवटते, गिळवत नाही आणि वजन झपाट्याने उतरते. उकळून गार केलेल्या पेलाभर पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खाण्याचा सोडा घालून जागेपणी दर दोन-तीन तासांनी चुळा भरायला लाव. अल्कोहोल असलेले माउथवॉश नकोत. पेज, आंबील, मऊ भात, ताक हे आपलेच पदार्थ पुष्कळ उपयोगी पडतात, फक्त ते ताजे, स्वच्छ आणि कोमट हवेत. मानेवर शस्त्रक्रिया आणि रेडिएशन दोन्ही झालेल्या रुग्णाच्या जखमेतून थोडेसे रक्त येऊन आपोआप थांबले, तर ते ‘ड्रेसिंग बदलले’ एवढ्यावर नोंदवून सोडू नकोस. मोठी रक्तवाहिनी फुटण्याआधीचा तो इशारा असू शकतो. त्याच क्षणी डॉक्टरांना कळव. उपचार थांबवलेल्या रुग्णाच्या बाबतीत मात्र खोलीत गडद रंगाचे टॉवेल हाताशी ठेव, म्हणजे रक्तस्राव झालाच तर घरच्यांच्या डोळ्यांसमोर पांढरी चादर लाल होणार नाही.

वेदनेबद्दल थोडेच लिहिते, कारण त्यावर वेगळे पत्र लागेल. 2014 मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून मान्यताप्राप्त रुग्णालयांना मॉर्फीन ठेवणे सोपे झाले आहे, तरी लोकांच्या मनातली भीती तशीच आहे. ‘सवय लागेल’ म्हणून नातेवाईक गोळी चुकवतात आणि रुग्ण रात्रभर कण्हत राहतो. गोळी घड्याळाप्रमाणे द्यायची असते, दुखेपर्यंत थांबायचे नसते, हे त्यांना शांतपणे समजाव. मळमळ काही दिवसांत कमी होते, बद्धकोष्ठता मात्र कमी होत नाही. म्हणून पोट साफ ठेवणारे औषध पहिल्या दिवसापासून सोबत लिहून दिले आहे का ते पाहा, आणि रुग्णाला शौचाबद्दल रोज न संकोचता विचार.

शेवटी तुझ्या स्वतःबद्दल. केमो हाताळताना दोन हातमोजे, गाऊन आणि मास्क घालायचा कंटाळा करू नकोस, कुणी हसले तरी. केमोनंतर 48 तास रुग्णाची लघवी, उलटी आणि कपडेही हातमोजे घालूनच हाताळ, आणि घरी तेच करणाऱ्या बाईलाही सांग. औषधाच्या रिकाम्या कुप्या इतर कचऱ्यात न टाकता केमोची खूण असलेल्या पिवळ्या पिशवीत गेल्या पाहिजेत. पुढे कधी दिवस गेले, तर चार महिने लपवून ठेवू नकोस. इन्चार्ज सिस्टरांना लगेच सांग आणि केमो तयार करण्याच्या व देण्याच्या कामातून बदली लेखी मागून घे.

तुझी,
जुनी इन्चार्ज सिस्टर